नाशकात चांगलं चोरीस कसं शोधावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोरीस, चोरिझो, गोवा सॉसेज: दुकानात नेमकं मागायचं काय?

चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मटणाचं मसालेदार सॉसेज. नाशकात ‘गोवा सॉसेज’ म्हटलं की कळतं. ‘चोरिझो’ म्हटलंत तर दुकानदार फ्रीजमधली गुलाबी, गुळगुळीत उकडलेली सॉसेजं पुढे ठेवण्याची शक्यता जास्त. म्हणून आपल्याला काय हवंय ते आधी ठरवून जावं. एकाच नावाखाली तीन वेगळे पदार्थ विकले जातात.

गोव्याचं चोरीस म्हणजे डुकराच्या मटणाचे हाताने कापलेले तुकडे, खिमा नव्हे. त्यात माडाच्या ताडीचं विनेगर, सुकी लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी, हळद. कुणी थोडी फेणीही घालतं. हे सगळं आतड्यात भरून, दोऱ्याने गाठी मारून जपमाळेसारखं बांधतात, उन्हात वाळवतात आणि पुष्कळदा धुरावर टांगतात. चव आंबट, तिखट. आणि ते कच्चं असतं, हे विसरू नये.

स्पॅनिश चोरिझोचा जीव पिमेंतोनमध्ये असतो. पिमेंतोन म्हणजे सुकवलेल्या लाल मिरचीची पूड, बरेचदा धुरावर सुकवलेली. मीठ, लसूण, पिमेंतोन एवढाच मुख्य मसाला. विनेगरचा आंबटपणा नाही. मुरवून वाळवलेला चोरिझो चकत्या करून तसाच खातात. ‘ताजा’ लिहिलेला मात्र शिजवावा लागतो.

तिसरा मेक्सिकन: कच्चा खिमा, मिरची, विनेगर. तो आतड्यातून काढून सुटाच परततात. नाशकात तयार मिळण्याची आशा धरू नये. पण घरी करायला तिन्हींत सोपा हाच.

नाशकात शोध कुठून सुरू करावा?

देवळाली कॅम्प आणि नाशिक रोड. देवळाली ही लष्करी छावणी, तिथे देशभरातली माणसं येऊन राहतात. नाशिक रोडला ख्रिस्ती वस्ती आणि बाळ येशूचं मंदिर. डुकराचं मटण खाणारी गिऱ्हाइकं जिथे नियमित असतात तिथेच माल फिरता राहतो. शहरात शरणपूरच्या बाजूला चौकशी करावी. पाट्या वाचत फिरण्यापेक्षा रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर एखाद्या काकूंना ‘पोर्क कुठून आणता?’ एवढं विचारलंत तर काम लवकर होतं. नाताळ, ईस्टर आणि फेब्रुवारीतला बाळ येशूचा सण या सुमाराला घरगुती चोरीस करून विकणारेही सापडतात, पण त्यांच्याकडे आधी सांगून ठेवावं लागतं.

भद्रकालीच्या बाजूला किंवा कुठेही हलाल मटण-चिकनच्या दुकानात हे विचारू नये. तिथे ते नसतंच, आणि विचारणंही बरं दिसत नाही. पंचवटी तर सोडूनच द्या. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या परदेशी चीज-ऑलिव्ह ठेवणाऱ्या दुकानांत स्पॅनिश पद्धतीच्या चकत्यांचं पाकीट मिळालं तर मिळालं. जाण्याआधी फोन करावा.

सॉसेज नाही, पण डुकराचं मटण विकणारा खाटीक सापडला. त्याला काय विचारू?

चार गोष्टी. कापतात कुठल्या दिवशी? (माल घ्यायचा तो त्याच दिवशी सकाळी.) जनावर फार्मवरचं की गावात मोकळं फिरणारं? खांद्याचा भाग सुटा मिळेल का? तयार सॉसेज ठेवत असाल तर ते गोव्याहून येतं की इथेच भरता?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. उकिरड्यावर चरलेल्या डुकराच्या मटणात जंतांचा धोका जास्त. पांढऱ्या कातडीचं जनावर बहुधा फार्मवरचं यॉर्कशायर जातीचं असतं, पण काळं म्हणजे गावठीच असं नाही. फार्मवरही काळी डुकरं पाळतात. म्हणून रंगावरून ठरवू नका, विचारा. नीट उत्तर देणारा खाटीक बाकीच्या बाबतीतही सरळ निघतो. ‘सगळं चांगलंच असतं साहेब’ म्हणून विषय बदलणारा सोडावा.

चांगलं चोरीस हाताळून कसं ओळखायचं?

माळ हातात घ्या. वरचं आवरण कोरडं, किंचित सुरकुतलेलं हवं, बोटाला चिकट लागता कामा नये. मणी चिमटीत दाबा: आत घट्ट, पण दगड नको. पाण्याच्या फुग्यासारखा दबला तर वाळवण पुरती झालेली नाही. लाकडासारखा कडक असेल तर जुना आहे. शिजेल, पण आतला मटणाचा तुकडा चिवट राहील.

मग दोन गाठींच्या मधली जागा बघा. खराबी तिथून सुरू होते. दोऱ्याखाली ओल अडकते, हवा लागत नाही, आणि हिरवट-काळी लव धरते ती नेमकी तिथे. वरून चकचकीत माळ गाठीजवळ उलगडून पाहिली की खरं काय ते कळतं. दुकानदाराने गाठ बघू दिली नाही तर घेऊ नका.

वास तीन पदरांचा हवा: आधी विनेगर, मग लसूण-मसाला, मागून थोडा धूर. जुन्या शेंगदाणा तेलाच्या डब्यासारखा खवट वास आला तर चरबी उतरली आहे. नाकात झोंबणारा, गोठ्यातल्या मुतारीसारखा वास म्हणजे मटणच कुजलंय. विनेगर जास्त ओतून हा वास झाकतात, म्हणून माळ नाकाशी धरून नुसतं हुंगू नका. एक मणी मोडून आत वास घ्या. एक मणी विकत घेऊन मोडायला कुणी नाही म्हणत नाही.

मोडलेल्या मण्यात मटणाचे तुकडे वेगळे दिसायला हवेत, गडद लाल. चरबी पांढरी किंवा मिरचीने नारिंगी झालेली चालते, पिवळट नको. मध्यभागी करडा, ओलसर गोळा दिसला तर बाहेरून वाळलं आणि आतून राहिलं. कडक उन्हात घाईने वाळवलं की असं होतं: वरचा थर आधी आवळतो आणि आतलं पाणी कोंडतं.

वर पांढरं काहीतरी आलंय. मीठ की बुरशी?

ओल्या फडक्याने पुसा. मीठ असेल तर विरघळून जातं आणि पुन्हा लगेच येत नाही. ते खडबडीत, दाणेदार दिसतं. पांढरी बुरशी पिठासारखी किंवा कापसासारखी असते. परदेशी वाळवलेल्या काही सॉसेजवर पांढरी बुरशी मुद्दाम वाढवतात, पण गोव्याच्या चोरीसवर ती मुद्दाम लावलेली नसते, म्हणून टाळलेली बरी. हिरवी, काळी, गुलाबी यांवर चर्चाच नको, अख्खी माळ फेकावी. एक मणी काढून बाकीचे वापरू नयेत.

इतका लाल रंग खरा असतो का?

काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीने गडद, किंचित तपकिरीकडे झुकलेला लाल येतो. एक तुकडा वाटीभर थंड पाण्यात १० मिनिटं ठेवा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. पाणी गढूळ, फिकट नारिंगी होईल. पाणी सरबतासारखं स्वच्छ लाल झालं तर खाद्यरंग घातलाय.

चरबी किती असावी? घेतलं की निम्मं तेलच सुटतं.

थोडं तेल सुटायलाच हवं, मिसळीवरच्या तर्रीसारखं. चव त्यातच असते. प्रश्न प्रमाणाचा. २५ ते ३० टक्के चरबी योग्य. त्याहून कमी असेल तर शिजल्यावर तुकडे भुसा होतात. ४०-५० टक्के असेल तर तुम्ही मटणाच्या भावात चरबी घेताय.

मोठी खरेदी करण्याआधी १०० ग्रॅम आणून तव्याची चाचणी घ्या. आवरण काढा, तुकडे थंड तव्यात तेलाशिवाय ठेवा, मंद आचेवर १० मिनिटं. सुटलेलं तेल वाटीत गाळा. ३ मोठे चमचे किंवा जास्त निघालं तर माल चरबीचा आहे. तवा थंड असताना सुरुवात करणं महत्त्वाचं. तापलेल्या तव्यात मसाला आधी जळतो आणि चांगलं चोरीसही कडू लागतं.

सुपरमार्केटच्या पाकिटावर ‘चोरिझो’ लिहिलंय. घ्यावं का?

मागची बाजू वाचून. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं डुकराचं मटण, मग चरबी, मीठ, मसाले असं असेल तर ठीक. मटणानंतर लगेच पाणी, सोया प्रथिन, स्टार्च आले तर ते चोरिझोच्या वासाचं साधं सॉसेज आहे. पावात घालून खायला वाईट नाही, पण पुलावात किंवा कांद्यावर परतायला उपयोगाचं नाही. त्यातून ना लाल तेल सुटतं ना आंबटपणा. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि ‘शिजवून खा’ की ‘खाण्यास तयार’ ही ओळ या तीन गोष्टी बघाव्यात. पाकीट फुगलं असेल तर आत जंतू वाढलेत, बर्फाचे खडे साचले असतील तर बहुधा मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय. परत ठेवा.

चिकन चोरिझो कसा असतो?

मसाला तोच, पण कोंबडीची चरबी लवकर वितळून वाहून जाते आणि मागे कोरडा खिमा उरतो. घ्यायचाच तर मांडीच्या मटणाचा घ्यावा.

वर्षात कधी घेणं चांगलं?

गोव्यात पावसाळ्याआधी घर भरून ठेवण्याची पद्धत आहे, तिला पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, मिरची, कोकमं यांच्याबरोबर चोरीसच्या माळाही त्यात येतात. एप्रिल-मेचं ऊन लागलेलं चोरीस सगळ्यात टिकाऊ. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की माळ वाळण्याऐवजी ओल धरते. या दिवसांत टांगलेला माल घेऊ नये, फक्त फ्रीजरमधला.

नाशकात याला आणखी एक पेच आहे: श्रावण. गिऱ्हाईक घटतं आणि आषाढातला माल भाद्रपदापर्यंत फ्रीजरमध्ये पडून राहतो. गणपतीनंतर खरेदी करताना ‘हा लॉट कधीचा?’ हे आवर्जून विचारा. सगळ्यात ताजा फिरता माल नाताळच्या आधीचे दोन-तीन आठवडे.

गोव्याहून येणाऱ्या नातेवाईकांना सांगितलं तर?

उत्तम मार्ग. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावचा बाजार इथे माळा टांगून विकतात, हाताळून घेता येतात. त्यांना सांगा: कोरडं, धुरावलेलं घ्या, नुकतं भरलेलं ओलं नको. छोट्या मण्यांची माळ लांब सॉसेजपेक्षा प्रवासात बरी, कारण लहान मणी आतपर्यंत वाळलेले असतात.

मडगावहून नाशिक रोडला थेट मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस येते. गोवा एक्सप्रेस पुण्यावरून मनमाडला उतरवते. दोन्हीकडे प्रवास १२ तासांहून लांब. म्हणून बांधणी अशी: आधी वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर सुती कापड, मग स्टीलचा डबा, झाकण किंचित सैल. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं की माळ घामाजते, आणि कल्याण येईपर्यंत गाठींजवळ चिकट होते. कपड्यांच्या बॅगेत मुळीच ठेवू नये; ते नारिंगी तेल पांढऱ्या सदऱ्यावरून धुऊन निघत नाही. ओलं, फ्रीजरमधलं चोरीस आणायचं तर बर्फाच्या खोक्याशिवाय आणूच नका.

मुंबईहून येणारं कुणी असेल तर वांद्रे-माहीमकडच्या गोवेकर दुकानांतून मागवता येतं. तिथून नाशिक चार-पाच तासांवर, त्यामुळे माल चांगला पोचतो.

भाव नगावर सांगतात. तुलना कशी करायची?

काट्यावर ठेवायला लावा आणि किलोचा भाव काढा. डझनावारी घेताना मण्यांचा आकार दुकानागणिक बदलतो, तिथेच फसगत होते. शिवाय ओल्याचा आणि वाळलेल्याचा भाव सरळ ताडू नये. वाळताना वजन चौथाई ते तिसरा हिस्सा घटतं. वाळलेलं किलोला महाग दिसतं, पण त्यात पाणी विकत घेतलेलं नसतं.

घरी आणल्यावर किती दिवस टिकतं?

चांगलं वाळलेलं चोरीस कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन आठवडे. ओलसर असेल तर तीन-चार दिवस. त्यापुढे फ्रीजर: एका वेळेला लागेल एवढे मणी वेगवेगळ्या पुड्यांत, हवा काढून. तीन महिन्यांत संपवा. गोठलेलं असलं तरी मिठामुळे चरबी हळूहळू खवट होतच राहते, म्हणून वर्षभराचा साठा करण्यात अर्थ नाही. वितळवायचं ते रात्रभर फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत चुलीवर टांगून महिनोन्‌महिने ठेवत, कारण रोजचा धूर मिळत असे. नाशकातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात चूल नाही, धूर नाही. तिथे टांगलं तर फक्त झुरळांची सोय होते.

शिजवायचं कसं?

चौघांसाठी चोरीस-पाव:

२५० ग्रॅम चोरीस. दोरे कापून मोजून बाजूला ठेवा; जेवताना दातात दोरा येणं हा सर्रास घडणारा प्रकार. आवरण चिवट असेल तर काढा, तुकडे सुटे करा. कढईत अर्धी वाटी पाणी आणि चोरीस घालून झाकण ठेवा, मंद आच, २० ते २५ मिनिटं. तेल घालायचं नाही. पाणी आटून लाल तेल वर आलं की तीन मध्यम कांदे उभे चिरून घाला आणि ते मऊ होईपर्यंत परता, ८-१० मिनिटं. मीठ घालू नका. शेवटी चाखा, बहुधा लागत नाही.

कांद्याबद्दल एक बारीक गोष्ट. हिवाळ्यातला लाल कांदा पाणीदार असतो, लवकर विरतो आणि रस्सा सैल करतो. त्यासाठी पाणी पाव वाटीच घ्या. उन्हाळ कांद्यात पाणी कमी, गोडी शिजल्यावर जास्त. चोरीसच्या आंबटपणाला तोच बरा. लासलगाव हाकेच्या अंतरावर असताना हा फरक आपण नाही करायचा तर कुणी?

पाव गोव्याच्या पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) नसेल तर मिसळीचा लादीपाव चालतो, पण तव्यावर कडक करून. मऊ पाव तेल पिऊन चिखल होतो.

पुलावासाठी दोन वाट्या तांदळाला २०० ग्रॅम चोरीस, आधी वरीलप्रमाणे १५ मिनिटं शिजवून. नेहमीच्या मिठाच्या निम्मं मीठ. कुकरमध्ये कच्चं चोरीस आणि तांदूळ एकत्र लावू नयेत: भात दोन शिट्ट्यांत होतो, मटण राहतं.

शिजवलं, पण फार खारट किंवा आंबट झालं.

दोन बटाटे फोडी करून घाला आणि शिजू द्या. बटाटा जादू करत नाही, पण वाढलेल्या पदार्थात मीठ विभागलं जातं. नुसत्या आंबटपणाला आणखी परतलेला कांदा किंवा चिमूटभर गूळ. पुढच्या वेळी वाळलेले मणी आधी कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून ते पाणी टाका. टोमॅटो घालू नका. आंबटात आंबट वाढतं, आणि हे दर दुसऱ्या घरात होताना दिसतं.

रेसिपीत स्पॅनिश चोरिझो सांगितलाय. गोव्याचं वापरू?

प्रमाण निम्मं करा, विनेगर किंवा लिंबू सांगितलं असेल ते गाळा, आणि धुरावलेली पाप्रिका मिळाली तर पाऊण चमचा घाला. डाळ, राजमा, बटाटा असलेल्या पदार्थांत ही अदलाबदल खपते. चकत्या करून कच्च्या वाढायच्या पदार्थात अजिबात नाही. गोव्याचं चोरीस कच्चं खायचं नसतं.

काहीच मनासारखं मिळालं नाही. घरी करता येईल?

येईल, आणि आमच्या मते नाशकात हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग. आतड्यात भरायच्या भानगडीत न पडता सुटं करावं. चवीत फरक थोडा, सोय मोठी, धोका कमी.

मटण: १ किलो खांदा, हाड आणि कातडी काढून, चरबीसकट. खाटकाला सांगा ‘बोटाच्या अर्ध्या पेराएवढे तुकडे, खिमा नको’. खांदा फार कोरडा असेल तर पोटाकडची २०० ग्रॅम चरबी त्यात मोजून घ्यावी.

पहिला दिवस: तुकडे धुऊ नका, कोरड्या फडक्याने टिपा. २५ ग्रॅम मीठ चोळून चाळणीत, खाली परात, वर ताटली आणि त्यावर दोन किलो वजन, फ्रीजमध्ये रात्रभर. परातीत लालसर पाणी जमेल ते टाका. ही पायरी गाळली की मसाला पातळ होतो आणि चोरीसऐवजी विंदालू तयार होतं.

मसाला: ३० ग्रॅम काश्मिरी मिरची (बिया काढून, लवंगी वापरू नका, रंग येत नाही आणि तोंड पोळतं), ४० ग्रॅम लसूण, २० ग्रॅम आलं, १ चमचा मिरी, १ चमचा जिरं, ८ लवंगा, दोन इंच दालचिनी, १ चमचा हळद. सगळं १२० मिलिलिटर विनेगरमध्ये तासभर भिजवून त्यातच वाटा. मिक्सर अडला तरी पाणी घालू नये. एक चमचा विनेगर वाढवा.

विनेगरची बाटली वाचून घ्या. माडाचं मिळालं तर तेच, नाहीतर उसाचं किंवा द्राक्षाचं, ४ ते ५ टक्के आम्लाचं. ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पांढरं विनेगर म्हणजे पाण्यात पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड. आंबटपणा येतो, पण घशाशी टोचतो.

दुसरा-तिसरा दिवस: मसाला मटणाला चोळा, काचेच्या बरणीत दाबून भरा म्हणजे मध्ये हवा राहणार नाही, फ्रीजमध्ये ४८ तास. मधे एकदा कोरड्या चमच्याने वरखाली करा. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं चालणार नाही. विनेगर धातू खातं आणि चव कळकते.

मग शिजवा, किंवा पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका. बरणीत फ्रीजमध्ये आणखी तीन-चार दिवस, त्याहून जास्त नाही. बरणी उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा तार सुटली तर चव बघायच्या फंदात न पडता टाकून द्या.

गच्चीवर उन्हात वाळवलं तर?

नको. कुरडया-पापड वाळतात म्हणून मटण वाळेल असं नाही. कच्चं मटण दिवसभर ३०-३५ अंशांत राहिलं की आत जंतू वाढतात, आणि आतड्याच्या आवरणात हवा नसल्याने बोट्युलिझमचं विष तयार होण्याचा धोका असतो. त्याला ना वास ना रंग. कारखान्यात त्यासाठी सोडियम नायट्राइट मिसळलेलं खास मीठ ग्रॅममध्ये मोजून घालतात. किराणा दुकानातून सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणून अंदाजाने घालणं तर त्याहून वाईट. नायट्राइट जास्त झालं तर तेच विषारी. जानेवारीत निफाडकडे पारा खूप उतरतो म्हणून ‘आपोआप फ्रीज’ मानणारेही असतात. पण रात्री पाच अंश असले तरी दुपारी पंचवीसच्या वर जातं, ते कोण मोजणार?

डुकराच्या मटणातल्या जंतांचं काय?

कच्च्या मटणाच्या तुकड्यात साबुदाण्याएवढे पांढरट, पाणीदार दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे कोष. मटण परत करा, कुत्र्यालाही घालू नका. डोळ्यांना न दिसणारे कोष पूर्ण शिजवल्याने मरतात: थर्मामीटर असेल तर आत ७१ अंश, नसेल तर तुकडा कापून मधला भाग पूर्ण शिजलेला, रस स्वच्छ. (लाल मसाल्यामुळे रंगावर विसंबू नका, तुकडा दाबून बघा.) फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवल्यानेही हे कोष मरतात, पण घरचा फ्रीजर खरंच तेवढा थंड आहे का, हे माहीत नसतं. तेव्हा गोठवलं तरी शिजवायचंच.

मेंदूत जाणारा आजार थेट असं मटण खाल्ल्याने होत नाही. तो पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, म्हणजे घाणेरडं पाणी, न धुतलेला भाजीपाला, अस्वच्छ हात. कच्चं मटण कापलेल्या सुरीने लगेच कोशिंबीर चिरू नये, ते इतर जंतूंसाठीही.

नाशिकची वाइन याच्यासोबत कुठली?

किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन. कॅबर्ने सोविन्याँसारख्या तुरट लाल वाइनने मिरची आणखी झोंबते. लाल वाइन प्यायची नसेल तर वापरावी: स्पॅनिश चोरिझोच्या २५० ग्रॅम जाड चकत्या, १५० मिलिलिटर लाल वाइन, एक तमालपत्र, मंद आचेवर १५ मिनिटं. गोव्याच्या चोरीसवर हा प्रयोग करू नये, आंबटावर तुरट चढतं.

खराब माल निघाला तर?

पाकीट, बिल आणि उरलेला तुकडा फ्रीजरमध्ये जपून ठेवा, फोटो काढा. आधी दुकानात परत करा. दाद लागली नाही तर एफएसएसएआयचा टोल फ्री क्रमांक १८००११२१००, किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार. सुट्या मालाला बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून चिठ्ठीवर का होईना, तारीख-वजन लिहून घ्या.

शिजवल्यावर उरलेलं लाल तेल टाकून द्यायचं का?

गाळून वाटीत, फ्रीजमध्ये, आठवडाभर. त्यात अंडी फोडा, लादीपाव भाजा, किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडी खरपूस करा. सिंकमध्ये ओतू नका. थंड झालं की चरबी गोठते आणि पाइप तुंबतो.